त्यातला एक खोटा आहे

"त्यातला एक खोटा आहे," बाबा म्हणाले आणि पुन्हा चहात बिस्किट बुडवायला लागले.

संग्रहालयातलं पेंढा भरलेल्या प्राण्यांचं दालन मी अठरा वर्षं सांभाळते आहे. धूळ झटकायची, डांबरगोळ्या बदलायच्या, पोरांनी काचेवर उमटवलेली नाकं पुसायची. तिथले एकेचाळीसच्या एकेचाळीस प्राणी माझ्या बाबांनी भरलेले. उद्या तपासनीस येणार होते, आणि आमच्या मोठ्या बाईंनी बजावलं होतं की एक जरी प्राणी बनावट निघाला तरी दालन बंद, सगळे प्राणी गोदामात. आमच्या गोदामात केस-कातडं खाणारी कसर अशी आहे की सहा महिन्यांत बाबांच्या उभ्या आयुष्याचा भुसा झाला असता. एवढंच मी त्यांना सांगत होते, तर त्यांनी हे काढलं.

"कुठला?" मी विचारलं.

"कुठला काय?"

"खोटा."

"आठवत नाही गं. पण दोन जनावरांचं मी एक केलं होतं. कुणाला सांगू नकोस."

गेल्या वर्षापासून त्यांचं असंच चाललंय. आईला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी तिला हाका मारतात. अशा माणसाचं बोलणं खरं मानावं की कानाआड करावं, मला कळेना. रागही आला. आयुष्यभर ताठ मानेनं काम केलं आणि आता ही पुडी सोडली. शेवटी त्यांना चप्पल घालून घेऊनच निघाले. सुट्टी होती, दालन रिकामं होतं.

आधी प्लॅटिपस. बदकाची चोच, पायांना पडदे, अंडी घालायची आणि वर पिल्लांना दूधही पाजायचं. खोटा असेल तर हाच, मी म्हटलं. बाबांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"हा मी शिवलाय," ते म्हणाले.

मग खवल्या मांजर, जे ना मांजर ना मासा. "हेही मीच." मग नाकाच्या जागी मांसाचं फूल उगवलेली ती चिचुंद्रीसारखी वस्तू. "हीसुद्धा."

"बाबा, शिवलेत सगळे तुम्हीच."

"मग विचारतेस कशाला?"

त्यांना दाराजवळच्या बाकावर बसवलं आणि विणायची सुई आणि बॅटरी घेऊन मीच कामाला लागले. कातडं पोटाकडून उघडायचं आणि तिथेच शिवायचं, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. बाकी कुठे अंगाला वळसा घालून टाके दिसले, तर समजायचं की परका तुकडा जोडलाय.

चोचीच्या कडेला टाका नव्हता. खवल्यांखाली नव्हता. मधलं बोट काडीसारखं वाळलेल्या त्या घुबडडोळ्या माकडाचं बोटही त्याचंच निघालं. जेवढं जनावर चमत्कारिक तेवढं ते अस्सल, असा हिशेब लागायला लागला आणि माझं डोकं भणभणलं. दुपारपर्यंत चाळीस झाले, चाळीसही खरे. म्हणजे बाबांनाच भास झाला होता, की मलाच बघता येत नव्हतं?

एकेचाळिसावा म्हणजे दाराजवळच्या विजेच्या बटणांखालचा रानससा. त्याला तपासायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. एवढे नग सोडून सशाकडे कोण बघतं? पण वळले तर बाबांनी त्याची पेटी उघडून त्याला मांडीवर घेतला होता आणि त्यांचा अंगठा त्याच्या मानेभोवती गोल गोल फिरत होता.

मी जवळ जाऊन केस बाजूला केले. मानेला पूर्ण वळसा घालून बारीक टाके होते.

कानांची रानसशासारखी काळी टोकं ओल्या रुमालानं पुसली तर शाई निघाली. डाव्या कानाच्या टोकाशी एक चीर होती, शिवून बंद केलेली. ती चीर मला माहीत होती, कारण ती मीच पाडली होती.

सात वर्षांची असताना माझ्याकडे एक तपकिरी ससा होता. नाव वाघोबा. मी घाईनं पिंजऱ्याचं दार लावलं आणि त्याचा कान सापडला. दोन दिवस मी जेवले नव्हते. पुढे एकदा शाळेतून आले तर पिंजरा रिकामा, आणि बाबा म्हणाले, जंगलात पळाला. महिनाभर मी कुंपणाशी गाजरं ठेवत होते.

"बाबा, हे काय केलंत तुम्ही?"

"रानसशाचं तोंड कसरीनं खाल्लं होतं," बाबा सशाकडे बघत म्हणाले. "दुसऱ्या दिवशी उद्घाटन. घरी गेलो तर कुत्र्यानं घरच्या सशाला... तोंड तेवढं धड होतं." मग त्यांनी आवाज खाली आणला. "पोरीला बोलू नका हं. पळाला म्हणून सांगितलंय तिला."

मला रडू आलं. रागाचं की कशाचं, तेव्हाही कळलं नाही, आजही सांगता येणार नाही.

मोठ्या बाईंना फोन केला. एक बनावट सापडला, काढून टाकते, म्हटलं.

"चोचीचा ना? मला संशय होताच."

"नाही, रानससा."

"रानससा?" बाई म्हणाल्या. "सशात काय खोटं करायचं असतं? आणि बाकीचे?"

"बाकीचे सगळे खरे. उद्या बघू देत त्यांना."

ससा पिशवीत घालून आम्ही बसमध्ये बसलो. पिशवी बाबांनी मांडीवर घेतली होती. दोन थांबे गेल्यावर त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अगं, हा तर तुझा वाघोबा. सापडला का?"

"सापडला."

"कुठे होता एवढे दिवस?"

अठरा वर्षं रोज सकाळी दिवे लावायला त्याच्याच डोक्यावरून मी हात नेत होते.

"जंगलात," मी म्हणाले.

"बघ," बाबा म्हणाले, "मी सांगितलं होतं ना?"