पेरूपाशी अडलेले पत्र

मित्रांनो, आमच्या म्हाताऱ्याने ज्या पत्राला वेळेवर उत्तर दिले नाही, ते माझ्याच शेजारी ओट्यावर पडून होते. मी एक जुनी सुरी आहे. फळे कापते. मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे.

लोहाराने मला घडवले, लाकडी मूठ बसवली आणि मी जनावरांच्या दवाखान्यात आले. म्हातारा तिथे कंपाउंडर होता. पिल्लांसाठी तो सफरचंदाचा गाभा आणि बिया काढून नखाएवढ्या फोडी करी. "काय धार आहे हिला!" डॉक्टर म्हणत. निवृत्त होताना त्याने मला घरी आणले. पुढे त्याचे दात गेले, फळे कमी झाली, मी गंजू लागले.

त्याच्या बहिणीने पत्रात विचारले होते, "दादा, कुत्र्याचं पिल्लू आणलंय. कुठली फळं देऊ?"

तो लगेच लिहायला बसला. द्राक्षे, बेदाणे अजिबात नाहीत. सफरचंद बियांशिवाय. केळे थोडेसेच. आंब्याची कोय कधीच नाही. मग पेरूपाशी अडला. एका पुस्तकात एक, दुसऱ्यात भलतेच. खात्री झाली की पाठवू, म्हणाला. तीन आठवडे गेले.

एका दुपारी बहीणच आली. मला हाती घेऊन सफरचंद कापत म्हणाली, "पिल्लू गेलं, दादा. मी द्राक्षं दिली होती. पत्र मिळालं नव्हतं का तुला?"

"मिळालं होतं."

"मग?"

"पेरूचं नक्की ठरत नव्हतं."

तिचा हात थांबला. "अरे, पेरू खातंय कोण आमच्याकडे! लहानपणापासून असाच. उत्तर येत असूनही पेपर कोरा."

मला काही वाटले नाही. गंज चढल्यापासून फारसे काही वाटतच नाही.

निघताना ती म्हणाली, "शेजारीण दुसरं पिल्लू देतेय. तू लिहिणार असशील तर ठेवते, नाहीतर नको."

ती गेली आणि तो कागद घेऊन बसला. सगळे पुन्हा लिहिले. चुकून द्राक्ष खाल्लेच तर वाट न बघता दवाखान्यात ने, हेही लिहिले. पेरूपुढे लिहिले, "मला माहीत नाही. देऊ नकोस."

मित्रांनो, जेवढे नक्की ठाऊक आहे, तेवढे तरी वेळेवर सांगा. पिल्लू तुमच्या खात्रीसाठी थांबत नाही.

चपला घालून तो कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेला. परतला तेव्हा हात रिकामे होते.