देवमनच्या गाडीवरची छागल

मी एक जुनी छागल आहे. जाड कापडाची, पाणी न्यायची पिशवी. चांदूर रेल्वेच्या एका घरात खुंटीला टांगलेली असते. माझं कापड वाळून कडक झालं आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी निम्म्यांनी मला पाहिलंही नसेल. रागावू नका, पण तुमची प्लॅस्टिकची बाटली उन्हात तापते आणि मी उन्हातच गार होत असे. अंगातून पाणी पाझरायचं, त्याला वारा लागायचा, की आतलं पाणी थंड!

अकोल्याहून येऊन इथे ताडपत्र्या शिवणाऱ्या अब्दुल सत्तार चाचांनी मला शिवलं. मला विकत घेतलं देवमननं. तो जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होता आणि मोटारसायकलवर गावोगाव फिरून गुरांना लस टोचायचा. पहिल्याच दिवशी मी टपटप गळून त्याची पँट भिजवली. तो तणतणत परत आला, तर चाचा हसले.

"भाऊ, नवी छागल हाये, गळनच. दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवा. कापड फुगलं का आपोआप गप होते."

खरंच, मी गप झाले.

मग आमची सोबत सुरू झाली. हँडलला मी, मागे लसीची पेटी आणि मध्ये देवमन. त्याची बायको शालू मला रोज पहाटे काठोकाठ भरायची. उन्हाळ्यात देवमनचा नेम होता: उजाडताच निघायचं, अकराच्या आत निंबाखाली थांबायचं आणि ऊन कललं की पुन्हा गाडी काढायची. डोक्याला, कानाला पांढरा दुपट्टा आणि खिशात कांदा. कांदा जवळ असला की ऊन लागत नाही, असं आमच्याकडे लहानथोर मानतात. मानोत बापडे! खिशातल्या कांद्यानं तहान भागल्याचं मी तरी पाहिलं नाही.

ती वर्षं वाईट होती. कपाशी हातची जायची, विहिरी आटायच्या, आणि चाऱ्यापायी लोक जोडीतला एक बैल विकून टाकायचे. दर वर्षी देवमनला लस कमी लागायची. रिकाम्या गोठ्यापाशी तो उगाच उभा राहायचा. रस्त्यात बोलायला माणूस नसायचं, मग माझ्याशीच बोलायचा.

"पाह्य वं, हाही गोठा खाली झाला."

तो दोन घोट प्यायचा आणि गाडीला किक मारायचा. मला त्याचा फार लळा लागला होता.

मे महिन्यातली गोष्ट. तिवश्याकडच्या एका गावात घटसर्पाची साथ आली. गुरांचे गळे सुजत होते. पार्वताबाईंचा एक बैल सकाळीच गेला होता आणि दुसरा तेवढा उरला होता. निरोप आला तेव्हा दुपारचा एक वाजत होता. भारनियमनामुळे दवाखान्याचा फ्रिज बंद. देवमननं रसवंतीवाल्याकडून बर्फ आणला, पेटीत लसीभोवती भरला आणि मला घ्यायला घरी आला.

"एवढ्या उन्हाचं कावून जाता? कलू द्या न," शालू म्हणाली.

"तवरोक बर्फ राहीन का? लसीले ऊन चालत नाही, मले चालते. कांदा हाये खिशात."

वाटेत पहिला निंब आला. तो थांबला नाही. दुसराही मागे गेला. थांबलं तर बर्फ वितळेल, एवढंच त्याच्या मनात. सुरुवातीला त्याच्या मनगटाचा घाम माझ्यावर टपकत होता, पुढे तो बंद झाला. मला वाटलं, बरं झालं, वारा लागला. किती खुळी मी! एवढ्या उन्हात घाम थांबणं ही धोक्याची खूण असते, हे मला फार उशिरा कळलं.

"निंब आला का वं?" तो मध्येच पुटपुटला. आसपास एकही झाड नव्हतं. मग हँडल डगमगलं आणि गाडी रस्त्याकडेला आडवी झाली.

जवळच बकऱ्या चारणारा म्हातारा श्रावण धावत आला. "भोवळ आली वाट्टे!" म्हणत त्यानं देवमनच्या खिशातला कांदा काढला, फोडला आणि त्याच्या नाकाशी धरला. बिचाऱ्याला जे ठाऊक होतं ते त्यानं केलं. तेव्हा देवमनवर सावली धरून त्याच्या अंगावर पाणी ओतायला हवं होतं. मी हातभर अंतरावर होते. मला हाक मारता आली असती तर! लोक जमले, ऑटो आला, त्याला तिवश्याला घेऊन गेले. कोणीतरी गाडी उभी केली आणि मी तिला तशीच लटकत राहिले.

लसीची पेटी कोणीतरी गावात पोचवली. बर्फ अजून शिल्लक होता. दवाखान्यातल्या दुसऱ्या माणसानं येऊन लस टोचली आणि पार्वताबाईंचा बैल वाचला.

देवमन वाचला नाही.

संध्याकाळी गाडी घरी आणली. शालूनं मला हँडलवरून सोडवलं आणि हातात तोललं.

"भरेलच हाये," ती म्हणाली. "एक घोटही नाही घेतला यायनं."

तिनं मला रिकामं केलं नाही, खुंटीला टांगलं. तीन दिवस माझ्यातून पाणी पाझरत होतं आणि खाली जमीन ओली होत होती. नंतर मला कोणी भरलं नाही.

मित्रांनो, माझ्यासाठी हळहळू नका. फक्त भर दुपारी गाडी काढू नका. काढावीच लागली, तर तहानेची वाट न पाहता सावली दिसेल तिथे थांबा आणि पाणी प्या. काम कितीही मोठं असो, दोन घोट घ्यायला किती वेळ लागतो?

माझ्यातलं पाणी त्या दिवशी गार होतं हो. फार गार होतं.