तांब्याला चिंच

दगड खोटं बोलत नाही, असं भूशास्त्र सांगतं. त्याला बोलू द्यावं लागतं, एवढंच सांगायचं राहून जातं.

कागलचा प्रसेनजीत कित्येक उन्हाळे मध्य प्रदेशातल्या तांब्याच्या पट्ट्यात दगड फोडत हिंडला. तिथला खडक दोनदा मुडपलेला. एकदा उत्तर-दक्षिण दाबानं, मग पूर्व-पश्चिम. तांबं त्यात शिरलं कधी, यावर त्याची पीएच.डी. चालली होती. त्याचे मार्गदर्शक आणि कोल्हापुरातल्या भूशास्त्र विभागाचे प्रमुख सयाजीराव यांनी पूर्वीच छापून टाकलं होतं, की तांबं दोन्हींच्या आधीचं. प्रसेनजीतचे दगड म्हणत होते, नंतरचं. प्रत्येक दगडावर त्यानं जागेचा नंबर आणि उत्तरेकडचा बाण काढला होता. बाण नसेल तर कुठली घडी कुठल्या दाबाची, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

१९९८च्या दसऱ्यासाठी तो आदल्या दिवशीच आईला घेऊन नागपूरला, दीक्षाभूमीवर गेला. इकडे खंडेनवमी. विभागात हातोडे, होकायंत्रं, सूक्ष्मदर्शक पूजेला मांडले. सयाजीरावांना प्रसेनजीतची पेटी दिसली.

"पिराजी, तांब्याचे दगड आहेत रे हे. हिरवा कळंक चढलाय बघ. घासून घे, पूजेत मांडू."

शिपाई पिराजीनं तांब्याचं जे करतात तेच केलं. चिंच, मीठ, राख, काथ्या.

प्रसेनजीतनं परत येऊन पेटी उघडली. दगड लख्ख. वर हळदीकुंकू.

"पिराजीमामा, बाण कुठायत?"

"कसलं बाण? काळं डाग व्हतं, त्येबी काढलं की! हात सोलटलं माझं."

सयाजीराव म्हणाले, "पूजेला थांबला असतास तर हे झालं असतं का? तुम्हा लोकांना नेमकं तेव्हाच नागपूर. वहीत नंबर असतील की."

"वहीत आहेत, सर. दगडांवर नाहीत. पुन्हा जाऊन आणतो."

"शिष्यवृत्ती मार्चला संपते. कशाला तडफडतोस? माझ्या पेपरात निष्कर्ष तयार आहे. पुरावाच नाही म्हटल्यावर वाद कसला?"

प्रसेनजीतनं तो निष्कर्ष स्वतःच्या अक्षरात उतरवला.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. "तांबं आधीचं, हे नक्की?"

"सरांच्या मते, होय."

"उत्तम," म्हणून त्यांनी पन्हाळ्याच्या गाडीची चौकशी केली.

डॉ. प्रसेनजीत सध्या कोडोलीत अकरावीला भूगोल शिकवतात. दगड विभागाच्या सायकल स्टँडच्या भरावात आहेत.