चटका न बसता

मी करंगळीच्या नखाएवढा धातूचा तुकडा बोलतोय. पाइपांच्या जोडांचे आतून फोटो काढणाऱ्या यंत्रात माझं घर. माझ्या अंगातून किरण निघतात. ते ना दिसतात, ना लागतात. एकदा मी यंत्रातून निसटलो. साहेबांनी थोडी शोधाशोध केली आणि म्हणाले, "वर कळवू नका. सापडेल."

सापडलो तिथल्या एका वेल्डरला. चकचकीत दिसलो म्हणून त्याने मला पँटच्या मागच्या खिशात टाकलं आणि दुपारभर माझ्यावर बसून काम केलं. माणसाचं कातडं मला फार आवडतं.

संध्याकाळी त्याला उलट्या झाल्या. "डब्यातलं काहीतरी बाधलं," म्हणाला. बायकोने पँट धुताना मला काढलं, बोटांत बराच वेळ फिरवून पाहिलं आणि लांबच्या शेडमध्ये हत्यारांच्या पेटीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या मांडीमागे लाल चट्टा उठला. "ठिणगी उडाली असेल," तो म्हणाला. वेल्डरच तो, रोज कुठे ना कुठे भाजणारच! तिने मलम लावलं. चार दिवसांत लाली गेली आणि दोघांनी मलमाचं तोंडभरून कौतुक केलं. मला हसू आवरेना. आत मी माझं काम उरकून ठेवलं होतं.

दोन आठवड्यांनी तिथेच फोड आले, फुटले, कातडी सोलून निघाली. त्याला धड बसवेना की झोपवेना. दोन डॉक्टरांनी भाजल्याचंच औषध दिलं. तिसऱ्या डॉक्टरबाई मात्र चौकस निघाल्या.

"चटका कधी बसला?"

"बसलाच नाही हो."

"पँट जळली होती?"

"नाही."

त्यांचं पेन थांबलं. "चट्टा उठायच्या आधी खिशात काय ठेवलं होतं?"

मग किरण मोजणारी यंत्रं घेऊन माणसं शेडमध्ये आली, लांब चिमट्याने मला उचलून शिशाच्या डब्यात कोंडलं. बाहेरच्या गप्पांतून दवाखान्यातलं सगळं मला कळतं. वेल्डरचं रोज रक्त तपासतात, जखम बांधतात, दुखू नये म्हणून इंजेक्शनं देतात. मेलेलं मांस कापून दुसऱ्या मांडीचं कातडं लावणार. ते धरलं नाही, तर पाय काढणार. तुम्हाला माझी विनंती एवढीच, चकचकीत काही दिसलं की उचलत जा.

"डॉक्टर, ह्यांचा पाय वाचेल ना?" बायकोने काल विचारलं.

 डॉक्टरबाई तिच्या हाताकडे बघत होत्या. अंगठा आणि शेजारचं बोट, दोन्हींची टोकं लालबुंद.

"हे होय? धुण्याच्या साबणाने होतं मला," ती म्हणाली आणि नवऱ्याचं पांघरूण सारखं करू लागली.