झाकणाची वाट पाहणारी डबी

मी एक जुनी पत्र्याची डबी आहे, मित्रांनो, पण माझ्यात कधी कुणी टाचण्या किंवा बटणं ठेवली नाहीत. माझ्या पोटात कोळशाची भुकटी आहे. कारखान्यात ती तापवून भरली, वर जाळी बसवली, घट्ट झाकण लावलं आणि मला काम नेमून दिलं: रेडॉन पकडायचा.

रेडॉन हा जमिनीतून निघणारा वायू. त्याला रंग नाही, वास नाही. फरशीच्या भेगांतून तो घरात शिरतो आणि बंद खोलीत साठत जातो. वर्षानुवर्षं श्वासातून आत गेला, तर फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. शेजारच्या घरात तो फार निघाला, म्हणून या घरच्या सुनेने मला आणलं आणि माझं झाकण काढलं. तळघरात तिचे सासरे झोपत. घड्याळं दुरुस्त करायचं त्यांचं टेबलही तिथेच होतं.

"म्हणजे आता ही एवढीशी डबी माझ्यावर पहारा करणार?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यावर नाही हो बाबा, हवेवर. हिच्यातला कोळसा तो वायू धरून ठेवतो. थोडे दिवस खिडकी बंद ठेवा. मग झाकण लावून प्रयोगशाळेत पाठवू, ते मोजून सांगतील."

"तू नको धावपळ करूस. डबीचं मी बघतो."

पण 'कोळसा वायू धरून ठेवतो' एवढंच त्यांच्या मनात बसलं. धरणारीलाच घालवायचं कशाला? त्यांनी मला पलंगाखाली, उशीच्या बाजूला सरकवलं. माझं काम नीट चालावं म्हणून खिडकीही कायमची लावून घेतली. सुनेला वाटलं, डबी गेली, निकाल येईलच. मग घरच्या धबडग्यात ती विसरली.

मित्रांनो, कोळसा किती वायू धरणार? आणि धरलेला रेडॉनही थोड्या दिवसांत आपोआप निम्मा होतो. वेळेवर मोजला नाही, तर माझी साक्ष शिळी होते. खोलीतला वायू मात्र फरशीतून येतच होता. वर म्हातारा माणूस निश्चिंत घोरत होता आणि खाली मी 'आ' वासून पडले होते. ओरडायला मला आवाज नव्हता. खिडकी बंद होती, तीही माझ्यामुळेच.

मग एके दिवशी नातीने हट्ट धरला, "मी आजोबांजवळच झोपणार!" तिची खाट खाली आली. खाटेचा पाय नीट बसवायला सून वाकली आणि मी तिला दिसले.

"बाबा! ही अजून इथेच?"

"मग? ही गेली तर वायू खाणार कोण?"

सुनेला हसू फुटलं, पण ते लगेच विरलं. ती फरशीवरच बसली. "बाबा, तापमापक तोंडात धरून बसलं की ताप उतरतो का?"

आजोबांनी उठून खिडकी उघडली. मग नातीची खाट एका बाजूने त्यांनी स्वतः उचलली आणि वर नेली. त्या रात्रीपासून तेही वरच झोपू लागले.

खिडकी तेवढ्यापुरती पुन्हा लावून माझ्या जागी नवी डबी ठेवली. तिचे दिवस भरताच आजोबांनी तिला झाकण लावलं, कडेने चिकटपट्टी फिरवली आणि स्वतः टपालात टाकून आले. निकाल वाईट निघाला. मग गवंड्याने भेगा बुजवल्या आणि फरशीखालची हवा बाहेर काढायला छतापर्यंत नळी आणि पंखा बसवला.

मी अजून घड्याळांच्या टेबलावर उघडीच आहे. झाकण म्हणजे तुम्हाला कैद वाटेल, मित्रांनो. माझी तर तीच सुटका होती. म्हणून एवढंच मागते: माझ्यासारखी डबी घरी आली, तर तिला मायेने जवळ ठेवू नका. वेळेवर झाकण लावा आणि जाऊ द्या.