वाटीतलं पाणी

"आज पाय चादरीला चिकटत नाहीयेत," ती तीन उशांना टेकून म्हणाली. एवढं बोलायला तिला दोनदा थांबावं लागलं.

"भास आहे," शर्टाची बटणं लावत तो म्हणाला. "रीडिंग घेतो, मग फोन करतो."

"माझे पाय मला कळत नाहीत?"

"अंग खोटं बोलतं. पारा बोलत नाही."

"पारा बोलतच नाही. म्हणून तर तुमचं त्याच्याशी जमतं."

तो वेधशाळेत एकतीस वर्षं निरीक्षक होता. कचेरीत त्याला पारासाहेब म्हणत, तेही तोंडावर, कारण त्याला तो सन्मान वाटे. या समुद्रकाठच्या शहरात वर्षाचे पाच महिने हवेच्या जागी कोमट पाणी असतं. पोहता येत नाही, एवढीच काय ती गैरसोय. मिठाचा दगड होतो, बुटांना बुरशी येते, कपाटाचं दार फुगतं आणि खांदा लावल्याशिवाय उघडत नाही. मग एके दिवशी उत्तरेचा कोरडा वारा सुटतो आणि शहराची माणसं होतात.

डॉक्टरांनी त्याच वाऱ्यावर सगळं टाकलं होतं. "तोवर घरी तग धरला तर सुटल्या. नाहीतर हॉस्पिटलात नळी घालावी लागेल. आणि ही फुप्फुसं एकदा नळीवर गेली, की..." पुढचं वाक्य त्यांनी स्टेथोस्कोपबरोबर घडी करून बॅगेत ठेवलं.

तिला घरीच राहायचं होतं. म्हणून नवराबायकोत करार झाला: फरक सहावर जाईपर्यंत धीर सोडायचा नाही.

फरक म्हणजे दोन पाऱ्यांमधला. वेधशाळेच्या अंगणात पांढऱ्या जाळीदार पेटीत दोन तापमापक होते. एक उघडा. दुसऱ्याच्या बुडाला मलमलची वात, आणि वातीचं टोक वाटीतल्या पाण्यात. हवा कोरडी असली की वातीतलं पाणी उडतं आणि हा दुसरा पारा गार पडून खाली उतरतो. दमट दिवसांत दोघे जुन्या जोडप्यासारखे एकाच आकड्यावर बसून राहतात.

काल फरक शून्य होता. आजही शून्य.

खोटं सांगता आलं असतं. पण एकतीस वर्षांत त्याने अर्धा अंशसुद्धा कुणाला फुकट दिला नव्हता.

"शून्य?" तिने फोनवर विचारलं.

"शून्य."

"म्हणजे अजून पाण्यातच." तिने दम घेतला. "मग बोलवा ती गाडी. माझ्याच्याने आता हात मारवत नाहीत."

दुपारी तिला नेलं. नळी घातल्यावर तिला बोलता येणार नव्हतं, म्हणून आधीच तिने सांगून ठेवलं, "जेवून घ्या वेळेवर."

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी तो हॉस्पिटलातून थेट पेटीपाशी आला. रीडिंग चुकवायचं नसतं. पुन्हा शून्य. नोंद केली आणि पेटी लावताना त्याचा हात वातीला लागला.

वात कडक होती. वाळल्या चिंधीसारखी.

वाटीत पाण्याचा थेंब नव्हता; तळाशी एक डास मरून पडला होता. दमट दिवसांत भरली वाटी आठवडाभर पुरते, म्हणून त्याने ती सोमवारी भरली होती आणि विसरला होता. यंदा कोरडा वारा मंगळवारी पहाटेच आला होता. आल्या आल्या वाऱ्याने वाटी पिऊन टाकली. सुकलेल्या वातीचा पारा उघड्या पाऱ्याएवढाच आकडा दाखवणार, हे तो दरवर्षी नव्या भरतीला फळ्यावर आकृती काढून शिकवत असे.

त्याने पाणी ओतलं, वात भिजवली आणि उभा राहिला. पारा उतरू लागला. दोन. चार. सहा ओलांडून साडेसातवर थांबला. पानं सुळसुळत होती. बहुधा तीन दिवस सुळसुळत असावीत.

नोंदवहीत खाडाखोड चालत नाही. चुकीच्या आकड्यावर एकच रेघ मारायची आणि सही करायची. त्याने तीन शून्यांवर तीन रेघा मारल्या, तीन सह्या केल्या. शेऱ्यात लिहिलं : निरीक्षकाची चूक.

तेवढ्यात फोन आला. "त्यांचे घरचे कपडे घेऊन या," नर्स म्हणाली.

"सोडताय का तिला?"

पलीकडे कुणीतरी खुर्ची सरकवली. "या तुम्ही, काका. सावकाश या."

घरी येऊन सवयीने त्याने कपाटाच्या दाराला खांदा लावला. दार नुसत्या बोटानेही उघडलं असतं. तोल जाऊन तो तिच्या कपड्यांवर जाऊन आदळला. कपडे खडखडीत कोरडे होते.