केदारच्या बॅगेतले चार पौंड

मित्रांनो, आठ माणसं जमवून आणली की नववा फुकट, अशी त्या कॅरिबियन बेटावरच्या डायव्हिंग रिसॉर्टची योजना होती. नववा म्हणजे जमवणारा संग्राम. विमान, खोली, बोट, पाठीवरच्या हवेच्या टाक्या, त्याला सगळं फुकट. सात जण ऑफिसातले मिळाले. आठवा मिळेना, तेव्हा त्याने बायकोच्या धाकट्या भावाला, केदारला धरलं. केदारचा दमा तेवढा विसरायचा होता.

मी या घरातला जुना वजनकाटा आहे. प्रेसखाली पत्रा ठेचून मला घडवलं आणि २००१ साली मी मिशिगनमध्ये, नोव्हायच्या या घरात आलो. संग्रामची बायको उल्का रोज माझ्यावर उभी राहते आणि मलाच शिव्या घालते. प्रवास निघाला की माझा मान वाढतो. बॅग छातीशी कवटाळून उभं राहायचं, मग बॅगेशिवाय, आणि वजाबाकी करायची. बॅग बहुतेक वेळा माझ्यावरच आदळतात. माझ्या बरगड्या वाकल्या, पण आकडा कधी चुकला नाही. त्याचा मला माज होता.

२००७ चा जानेवारी, निघायची आदली रात्र. प्रत्येक बॅगेला पन्नास पौंडांची मर्यादा. उल्काने केदारच्या बॅगेत त्याचं औषधाची वाफ देणारं मशीन, नेब्युलायझर, स्वतः ठेवलं. चार पौंडांचं. वजन भरलं बरोब्बर पन्नास.

ती स्वयंपाकघरात गेल्यावर केदार कुजबुजला, "दाजी, रिसॉर्टच्या मेडिकल फॉर्मवर दम्यापुढे 'नाही' लिहिलंत?"

"'हो' लिहिलं तर डॉक्टरचं पत्र मागतात. लहानपणचा खोकला यार, त्याला केवढं नाव द्यायचं!"

"ताईला कळलं तर?"

"कोण सांगणार? हा काटा?"

केदार आंघोळीला गेला तसं संग्रामने मशीन काढलं. बेटावर कुणी ते पाहिलं असतं, तर आठवा गळला असता. जागा मोकळी झाली तिथे त्याने पाण्याखालचा आपला कॅमेरा कोंबला. त्याची स्वतःची बॅग आधीच भरली होती. पुन्हा वजन केलं. पन्नास! मला लाथेने कोपऱ्यात सारून तो शीळ घालत गेला.

सकाळी उल्काने आणखी एकदा वजन केलं. पन्नास. तिने निश्चिंत होऊन कुलूप लावलं. मित्रांनो, मी खोटं बोललो नाही. पण फसवलं माझ्याच आकड्याने.

बाहेर हाडं फोडणारी थंडी होती. गाडीकडे बॅग ओढताना केदारची छाती आवळली. तो कसाबसा आत आला आणि माझ्याशेजारी कोसळला. खिशातला पंप तीनदा मारला, काही होईना. ओठ निळे, नखं कार्पेट ओरबाडतायत. उल्काने कुलूप काढून बॅग उलटी केली. कॅमेरा पडला.

"मशीन कुठंय?"

"अगं, मी सांगतो ना, ऐकून तर..."

तिने संग्रामची कॉलर धरून त्याचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. "कुठंय?" पुन्हा आपटलं. तिसऱ्यांदा रक्त आलं आणि उत्तरही.

"कपड्यांच्या ड्रायरमध्ये!"

तिने धावत मशीन आणलं, केदारच्या तोंडाला मास्क लावला, एका हाताने ९११ फिरवला. बऱ्याच वेळाने त्याचा श्वास आत जाऊ लागला. तेव्हा संग्रामने कपाळावरचं रक्त पुसत घड्याळ पाहिलं.

"आता बरं वाटतंय ना रे? निघालो तर फ्लाइट मिळेल."

वजनकाट्याला उडता येत नाही, मित्रांनो. मी उडालो. उल्काने मला डोक्यावर उचलून त्याच्या पायावर हाणलं. त्याचं हाड आणि माझी काच एकाच आवाजात फुटली. एकाच ॲम्ब्युलन्समधून केदार आणि संग्राम दोघं गेले.

कुणाचंही सामान भरताना नुसता माझा आकडा बघू नका. आत काय आहे आणि ते कुणाच्या जिवाचं आहे, तेही बघा. एवढंच मागणं.

आता हिशोब. सात जण बेटावर गेले, फुकट कुणीच नाही. केदार तीन दिवस इस्पितळात. संग्रामच्या पायात दोन स्क्रू. आणि माझा काटा शून्यावर येतच नाही. रिकामा असलो तरी चार पौंड दाखवतो. "नवा आणू," संग्राम म्हणाला. "हाच राहू दे," उल्का म्हणाली. ती अजून रोज माझ्यावर उभी राहते आणि चार वजा करते.

संग्रामला मात्र ती ते चार वजा करू देत नाही.